दोन डोंगर, मधे सूर्य : मातीच्या रंगातलं खेडं आणि अजिंठ्याची भिंत

बुलढाण्यात उभं राहून चित्रकलेवर बोलायचं म्हटलं की वक्ता पहिल्याच वाक्यात अजिंठ्याला पोचतो. मीही पोचणार आहे, पण जरा वळसा घेऊन. सुरुवात आपण शाळेच्या ड्रॉइंगच्या वहीपासून करू.

तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी तरी एलिमेंटरीची परीक्षा दिलेली असेल. वस्तुचित्र, संकल्पचित्र, भूमिती-अक्षरलेखन आणि स्मरणचित्र. आता डोळे मिटून एक खेडं आठवा. काय दिसलं? दोन त्रिकोणी डोंगर, मधून वर येणारा सूर्य, डोंगराच्या फटीतून निघालेली निळी नदी, काठावर कौलारू घर, आणि घराशेजारी नारळाचं झाड. आकाशात टिकमार्कसारखे पाच पक्षी. चिखलीच्या पोरानं काढलं तरी हेच, मेहकरच्या पोरानं काढलं तरी हेच. चिखलीत नदीकाठी नारळ कुठून आला हे आजवर कोणी विचारलेलं नाही.

मी शाळेत असताना एकदा डोंगर वरून सपाट काढला होता. खिडकीतून तसाच दिसत होता म्हणून. शेरा मिळाला, ‘डोंगर असा नसतो, आणि रंग हिरवा द्या.’ महिना एप्रिलचा होता. शेऱ्याचा राग केव्हाच गेला, पण प्रश्न राहिला. आपल्या भागातला डोंगर असतो तरी कसा? आणि त्याचा रंग कोणता?

मलकापूरहून मोताळ्यामार्गे बुलढाण्याला येताना राजूर घाटाच्या अलीकडे गाडी थांबवा आणि समोर बघा. त्रिकोण कुठेच नाही. एक लांबलचक भिंत आहे, वरून पाटासारखी सपाट, आणि तिच्या अंगावर आडवे थर. लाव्ह्याचे थर आहेत ते. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेले. भूगर्भशास्त्रात याला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून आलाय. परदेशी माणसाला आपले डोंगर बघून जिना आठवला आणि आपण मात्र पोरांना त्रिकोण शिकवला! आपल्याकडे जिल्ह्याचे दोन भागच या भिंतीनं पडतात. सोयरीक जुळवताना आजही विचारतात, पाहुणे घाटावरचे की घाटाखालचे? घाटाखाली पूर्णेचं खोरं, घाटावर पठार.

आता रंग. मराठी माणसानं खेड्याचं चित्र कुंचल्याआधी भाषेत काढलेलं आहे, तेही फक्त दोन रंगांत. काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे गावठाण, जिथे घरं उभी राहतात ती जागा. त्रिंबक नारायण आत्र्यांचं ‘गावगाडा’ १९१५ सालचं, त्यात हे शब्द भेटतात आणि जुन्या कागदपत्रांतही भेटतात. यापेक्षा साधं निसर्गचित्र असू शकतं का? अख्खं गाव, माणसं, वतनं, देवळं, पिकं, सगळं दोन मातींत बसवलेलं. मग तपशील येतात. तांबडी, भुरकी, मुरमाड, बरड, चुनखडीची. हे शब्द शेतकऱ्यानं पीक कुठे येईल यासाठी केलेत, पण चित्रकारानं ऐकले तर ती रंगपेटीच आहे.

आणि ही रंगपेटी वापरली जायची. आपल्या आज्या भिंती पोतारायच्या. पांढऱ्या मातीचा पोतारा, खाली गेरूचा पट्टा, अंगण शेणानं सारवलेलं. पोळ्याला बैलाच्या पाठीवर गेरूचे ठिपके. रंग विकत आणायचा तो सणापुरता, चिमूटभर.

आता पोचतो अजिंठ्याला. राजूर घाटात जी भिंत बघितली, तिचं नावच अजिंठ्याची डोंगररांग. तीच रांग पश्चिमेला शेजारच्या जिल्ह्यात जाते, तिथे वाघूर नदीनं घोड्याच्या नालासारखं वळण कापलंय आणि त्या कड्यात लेणी आहेत. दगड तोच, माती तीच. इतिहासाच्या बाजूनंही हा परकेपणा नाही. पाचव्या शतकात लेण्यांचं जे मोठं काम झालं ते वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात. त्याची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपलं वाशीम. त्याचा मंत्री वराहदेव, याचा शिलालेख सोळाव्या लेण्यात आहे. वाशीमचं राज्य आणि अजिंठ्याचा डोंगर, यांच्या मधे कोण येतं नकाशात? आपणच. म्हणून मी म्हणतो, अजिंठा बघायला जाताना ‘बाहेरगावी चाललो’ असं बुलढाणेकरानं म्हणू नये.

भिंत कशी तयार केली ते थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे आपला विषय आहे. टाकीनं खडबडीत केलेल्या दगडावर मातीचा गिलावा. त्या मातीत दगडाची भुकटी, तूस, गवताचे आणि झाडपाल्याचे तंतू. आपल्या मातीच्या घराच्या भिंतीला काय घालतात? तेच. त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो सुकल्यावर चित्र. युरोपातल्या फ्रेस्कोसारखं ओल्या चुन्यावर नाही. सुक्यावर, चिकट पदार्थात कालवलेला रंग. रंग कोणते? पिवळी माती, तांबडा गेरू, हिरवी माती, दिव्याची काजळी आणि पांढऱ्यासाठी चुना, चिकणमाती वगैरे. पिवळा आणि तांबडा दोन्ही लोखंडाचेच. लोखंडाच्या गंजाची पाण्यासकटची जात पिवळी, ती भाजली की पाणी उडतं आणि तांबडी होते. हिरवी माती तर खास आपल्या दगडाची. बेसॉल्टमध्ये बुडबुड्यांच्या ज्या पोकळ्या राहतात त्यांच्या आतल्या अंगाला एक हिरवट खनिज धरतं, त्यापासून ती होते. एक निळा सोडला तर सगळी रंगपेटी पायाखालची. निळ्याचं नंतर सांगतो.

एक गंमत. इतकी काळी माती आपल्याकडे, पण काळा रंग काजळीचा. असं का? काळी माती ओली असतानाच काळी दिसते, वाळली की राखाडी-भुरकट. आणि वाळली की आकसते, भेगा पडतात. उन्हाळ्यात शेताच्या भेगेत हात जातो कोपरापर्यंत, ती माती भिंतीवर रंग म्हणून कशी टिकेल? कापसाला चांगली, चित्राला नाही.

आता त्या भिंतीवरचा डोंगर बघा. अजिंठ्याला लोक जातात ते पद्मपाणी बघायला, त्याच्या भुवया, त्याच्या हातातलं कमळ. कधीतरी पद्मपाणीकडे बघू नका, त्याच्या मागे बघा. पहिल्या लेण्यातल्या त्या चित्रात मागे डोंगर आहे. तिथे माकडं आहेत, मोर आहे. आणि डोंगर कसा काढलाय? ठोकळ्यांचा. एकावर एक रचलेले चौकोनी ठोकळे, एक बाजू उजेडाची, एक बाजू अंधाराची. सावली नाही, धुकं नाही, लांबचा डोंगर निळसर करायची युक्ती नाही. सतराव्या लेण्यात वेस्संतर जातकाची मोठी कथा आहे, राजपुत्र सगळं दान करून बायकापोरांसह वनात जातो. ते वन म्हणजे काय, तर चार झाडं, थोडे ठोकळे, एक पर्णकुटी. झाड ओळखू येतं, पान न् पान दिसतं, पण जंगल दाखवायला झाडं मात्र मोजकीच. दहावं लेणं त्याहून पाचसहाशे वर्षांनी जुनं. तिथल्या छद्दंत हत्तीच्या कथेतही वडाचं एक झाड अख्ख्या रानाचं काम करतं.

हे ठोकळे बघून मला राजूर घाट आठवतो हे मी लपवत नाही. बेसॉल्ट फुटतोच असा चौकोनी. पण लगेच सावध करतो. अशा रचलेल्या दगडांचे डोंगर सांची-भरहूतच्या शिल्पांतही आहेत, आणि तिथला दगड वेगळा. म्हणजे ही चित्रकारांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आलेली रीत होती, कोणी घाटात बसून केलेलं स्केच नव्हे. हीच कला पुढे मध्य आशियात गेली. तिथे किझिलच्या लेण्यांमध्ये डोंगर म्हणजे शंकरपाळ्यांची जाळीच आहे. तरीही मला वाटतं, ज्यांनी हा कडा वर्षानुवर्षं समोर बघितला त्यांच्या हातात ही रीत जितकी पटेल तितकी दुसरीकडे पटणार नाही.

आता कथेतला दुःखाचा भाग. १८१९ मध्ये मद्रास सैन्यातला जॉन स्मिथ शिकारीला आला आणि त्यानं लेणी ‘शोधली’. गुराख्यांना ती माहीत होतीच, पण ते जाऊ द्या. १८४४ मध्ये मेजर रॉबर्ट गिलला नकला करायला नेमलं. गिल आणि पारोची गोष्ट महानोरांच्या ‘अजिंठा’मुळे आणि सिनेमामुळे घरोघरी पोचलीय. मला रंगांची गोष्ट सांगायचीय. गिलनं वीस वर्षांच्या आसपास खपून मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात नकला केल्या. त्या लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. गिल १८७९ ला गेला, त्याची कबर भुसावळला आहे. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन आले. पेस्तनजी बोमनजी, जगन्नाथ अनंत अशी मंडळी त्यात होती. १८८५ पर्यंत काम चाललं. त्या नकलाही लंडनला गेल्या आणि त्याच वर्षी साऊथ केन्सिंग्टनच्या आगीत पुष्कळशा जळाल्या. दोनदा आग! मातीच्या रंगाची मूळ भिंत दीड हजार वर्षं टिकली आणि तिची तेलातली नक्कल वीस वर्षं टिकली नाही.

पण जळालं ते कॅनव्हास. भिंतीला वेगळंच काही झालं. नकला करणाऱ्यांना रंग उठून दिसावेत म्हणून भिंतीवर वॉर्निशचे हात पडले. नंतर निजाम सरकारनं भिंती वाचवायला इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावले, चेक्कोनी आणि ऑर्सिनी. १९२० ते २२. सुटलेला गिलावा त्यांनी चिकटवला, ते काम मोलाचं. पण वर लाखेचं वॉर्निश दिलं. लाख म्हणजे आपल्या सुताराचं पॉलिश. नव्या पाटावर छान दिसतं, जुन्या पाटावर कसं होतं ते घरी बघा. पिवळं, मग तपकिरी, त्यावर धूळ, धूर, वटवाघळांची घाण. भिंत हळूहळू मधासारख्या, मग गुळासारख्या रंगाची झाली.

म्हणजे बघा, विसाव्या शतकात ज्यांनी अजिंठा बघितला त्यांनी जो शांत, मातकट, तपकिरी अजिंठा बघितला, त्यातला थोडा मातीचा होता आणि थोडा पॉलिशचा. हे दोन वेगळे कसे करायचे?

त्या इटालियन तज्ज्ञांच्याही आधी एक बाई इथे येऊन गेली, तिचं नाव आपल्याकडे फारसं घेतलं जात नाही. लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम. तिनं १८९९ मध्ये एका जुन्या इटालियन पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर केलं होतं. चेन्नीनो चेन्नीनी नावाच्या चित्रकाराचं, साधारण १४०० च्या सुमाराचं. त्यात चेन्नीनी सांगतो की वडिलांबरोबर डोंगरात फिरताना मातीच्या कड्यात त्याला पिवळ्या रंगाची शीर कशी सापडली. आणखी एका ठिकाणी तो सांगतो, डोंगर काढायचेत ना, मग चारदोन खडबडीत दगड उचलून आणा आणि घरात समोर ठेवून तेच काढा. दगडावरून डोंगर! हे वाचलेली, शब्दाशब्दानं भाषांतर केलेली बाई १९०९ ते १९११ च्या हिवाळ्यांत अजिंठ्याला तंबू ठोकून बसली आणि समोर बघते तर ठोकळ्यांचे डोंगर आणि मातीचे रंग. तिला काय वाटलं असेल याची मी नुसती कल्पना करतो. तिनं तेलरंग नाकारले, नकला जलरंगासारख्या पातळ माध्यमात केल्या. मदतीला कलकत्त्याचे तरुण होते. नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त, म्हैसूरचे व्यंकटप्पा. हैदराबादचे सय्यद अहमदही होते.

नंदलाल बोस हे नाव धरून ठेवा, कारण ते पंचवीस वर्षांनी पुन्हा आपल्या शेजारी आले. डिसेंबर १९३६, फैजपूर काँग्रेस. मलकापूरहून भुसावळ, तिथून पुढे फैजपूर, इतकं जवळ. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन. गांधीजींची अट अशी की सजावट खेड्यातल्या वस्तूंनीच व्हायची. नंदलालांनी बांबू, गवत असल्या साहित्यातून सगळं उभं केलं. त्यानंतर १९३८ मध्ये गुजरातेत हरिपुरा. तिथली त्यांची चित्रं प्रसिद्ध आहेत. हातकागद, मातीचे आणि खनिजांचे रंग, जाड रेघ. कुंभार, चांभार, ढोल वाजवणारा, बैल आवरणारा. मागे निसर्ग नाहीच म्हटलं तरी चालेल. एक कमान आणि सपाट रंग. ती चित्रं दालनात नव्हती, अधिवेशनाच्या मंडपात, येणाऱ्याजाणाऱ्या शेतकऱ्याला दिसतील अशी लावली होती. मला नंदलालांची बाकीची पुष्कळ चित्रं हरिपुऱ्याइतकी आवडत नाहीत, हे माझं वैयक्तिक मत.

आणि ज्या १९३६ च्या अखेरीला फैजपुरात गवताच्या कमानी उभ्या राहत होत्या, त्याच सुमारास मुंबईतलं प्रदर्शन आटोपून एक तेवीस वर्षांची मुलगी अजिंठ्याला आली होती. अमृता शेरगिल. पॅरिसला शिकलेली, तैलरंगात तयार झालेली. अजिंठ्यानंतर तिनं दक्षिण भारत पाहिला आणि १९३७ मध्ये ‘वधूचा शृंगार’, ‘ब्रह्मचारी’, ‘बाजाराला निघालेले दक्षिण भारतीय गावकरी’ ही तीन मोठी चित्रं केली. गेरू, कथ्थी, मळका पांढरा, आणि एखादाच पेटता लाल. पुढे सिमल्याकडचे डोंगर, खेड्यातली अंगणं काढताना तिनं तपशील आणखी गाळले. भिंत म्हणजे रंगाचा एक तुकडा, डोंगर म्हणजे दुसरा. १९४१ मध्ये ती गेली, वय २८. तिच्या १९३७ च्या ‘स्टोरी टेलर’ या खेड्यातल्या अंगणाच्या चित्राला २०२३ मध्ये ६१.८ कोटी रुपये आले. अंगण सारवायला किती लागतात?

मघाचा प्रश्न इथे आडवा येतो. शेरगिलनं बघितलेली भिंत वॉर्निश दिल्यानंतरची होती. मग तिचा तपकिरी रंग पॉलिशवरून आला असं म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. अजिंठ्याला यायच्या आधीच तिच्या चित्रांत तपकिरी येऊ लागला होता. अजिंठ्यानं तिला रंगापेक्षा गाळणं शिकवलं असावं. काय काढायचं नाही, ते. पण तिच्यामागून आलेले कित्येक जण ‘अजिंठा शैली’ म्हणून जे करत राहिले, लग्नपत्रिकांवर, हॉटेलांच्या भिंतींवर, दिवाळी अंकांत, त्यातला तो सरसकट चहाच्या डागासारखा रंग मात्र बराचसा लाखेचा आहे असं मी छातीठोकपणे म्हणेन. कारण गेल्या पंचवीस वर्षांत पुरातत्त्व खात्यानं नवव्या-दहाव्या लेण्यांतल्या भिंतींवरचा थर जपून काढायला घेतला, तेव्हा खालून निघालेला रंग मातीचाच होता, पण मेलेला नव्हता. गेरू लाल निघाला. पांढरा पांढरा निघाला.

मातीचे रंग म्हणजे मळके रंग, ही समजूत आपली आहे. पावसाचा पहिला शिडकावा झाल्यावर नांगरलेल्या वावराकडे बघा. भुरकट दिसणारी जमीन दहा मिनिटांत जांभळट काळी होते, बांधावरचा मुरूम तांबडा पेटतो. कोणत्या ट्यूबमधून आणणार तो रंग? आणि हे बदलतंही आहे. माझ्या लहानपणी दिवाळीनंतर घाटावर ज्वारीचं पिवळं होतं, मग कडब्याच्या गंजींचं. आता सोयाबीन लवकर निघतं आणि वावर लवकर उघडं पडतं. पिवळा रंग आपल्या चित्रातून चाळीस वर्षांत कमी झाला आणि तो कोणी टिपून ठेवला नाही. त्रिकोणी हिरवे डोंगर मात्र लाखो कागदांवर टिपून ठेवलेत.

शिक्षक मंडळी समोर बसली आहेत म्हणून एक काम सांगतो, खर्च शून्य. पोरांना घाटात न्या. एक मूठ तांबडी माती, एक मूठ पिवळी, एक भुरकी. गेरू वाण्याकडे मिळतोच. माती पाण्यात कालवा, जाड खडे खाली बसू द्या, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. तेही निवळू द्या, पाणी काढून टाका. तळाला साय धरते तशी बारीक माती उरेल. ती वाळवा, पाट्यावर वाटा, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात कालवा. झाला रंग. डिंक कमी पडला तर बोटाला लागतो, जास्त झाला तर पापुद्रे सुटतात. दोनचारदा चुकेल. काळ्याला पणतीची काजळी, पांढऱ्याला चुना. एवढ्यात घाट निघतो, काळी निघते, पांढरी निघते, घर, बैल, माणूस निघतो.

नदी निळी हवी असेल तर निळा मात्र विकत घ्यावा लागेल. त्यांनाही घ्यावा लागला होता. अजिंठ्यातला तो खोल निळा लाजवर्दी दगडाचा आहे, आणि तो दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून आलेला आहे. म्हणून तर त्यांनी तो इतका जपून, जागा बघून लावलाय.